रॅग्नारोक ऑनलाइन: 'बी. एस. सॅक्रमेंटी' तिघांनी मिळून नेमके कसे जमवावे?

प्रश्न
रॅग्नारोक ऑनलाइन या ऑनलाइन खेळात मी प्रीस्ट (पुरोहित वर्गाचे पात्र) खेळतो. ॲस्पर्सिओ लेव्हल ५ आणि ग्लोरिया लेव्हल ३ ही आधी लागणारी स्किल (कौशल्ये) पूर्ण झाल्यावर मी सॅक्रमेंटी हा चिलखताला पवित्र गुणधर्म देणारा मंत्र घेतला. परंतु सोबतीला लागणारे दोन अकोलाइट (प्रीस्टच्या आधीचा वर्ग) मित्र अगदी खेटून उभे असतानाही हा मंत्र बहुतेक वेळा सुरूच होत नाही. माझे कोठे चुकत असावे? शिवाय, याच्या पाच लेव्हलसाठी पाचही स्किल पॉइंट खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर १
खेटून उभे राहणे पुरेसे नसते. दोन्ही सोबती तुमच्या डाव्या आणि उजव्या हाताच्या चौकटीतच असावे लागतात. म्हणजे तुमचे तोंड उत्तरेकडे असेल, तर एक जण पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला हवा. तिरक्या चौकटीतला सोबती धरला जात नाही, आणि चूक बहुधा येथेच होते. मंत्र सोडण्याची जागाही सरळ समोरची निवडा, कारण बाजूची जागा निवडल्यास तुमचे तोंड वळते आणि जमलेली रांग निरुपयोगी ठरते. तुमचे २० एसपी (मंत्रशक्तीचे गुण) खर्च होतात आणि सोबत्यांचे प्रत्येकी १०. तेव्हा हील करून (इतरांची जीवनशक्ती भरून) एखाद्याचे एसपी संपलेले नाहीत ना, हेही आधी विचारून घ्या.

उत्तर २
पॉइंटविषयी माझे मत स्पष्ट आहे: घ्यायचे असेल तर पूर्ण घ्यावे. लेव्हल १ वर प्रभाव ४० सेकंद टिकतो, लेव्हल ५ वर २०० सेकंद. आणि दर ४० सेकंदांनी तीन जणांनी लढाई सोडून पुन्हा रांग धरणे कोणत्याही पार्टीला परवडत नाही. निवडलेल्या जागेभोवतीच्या ३×३ चौकटींत जे उभे असतात, त्यांच्या चिलखताला पवित्र गुणधर्म लाभतो. त्याच क्षेत्रातील मृतयोनी आणि राक्षस वर्गातील शत्रूंना मात्र इजा होते. याचा खरा लाभ क्रुसेडरला (धर्मयोद्धा वर्गाच्या पात्राला) होतो. ग्रँड क्रॉस हे हल्ल्याचे स्किल वापरताना त्याला स्वतःलाही पवित्र गुणधर्माचा मार बसतो आणि पवित्र चिलखत तो मार अडवते. मात्र त्या स्किलसाठी खर्च होणारा एचपी (जीवनशक्ती) वाचत नाही, त्यामुळे हील करणारा सोबत असावाच लागतो.

उत्तर ३
वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे. पवित्र चिलखतावर छाया गुणधर्माचा हल्ला अधिक लागतो, त्यामुळे समोरचा शत्रू कोणता मारा करतो हे न पाहता सर्व पार्टीवर हा मंत्र टाकणे घातक ठरू शकते. जॉब लेव्हल ५० पर्यंत एकूण ४९ पॉइंट मिळतात आणि मॅग्नस एक्सॉर्सिस्मस या प्रीस्टच्या दुसऱ्या मंत्रालाच १० लागतात. तुमच्या क्रुसेडरकडे एंजेलिंग कार्ड (चिलखतात बसवायचे कार्ड) असेल, तर त्याचे चिलखत आधीच पवित्र असते. मग हे पाच पॉइंट अन्यत्र वापरावेत, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता
तपासून पाहिले. एक मित्र दर वेळी तिरक्या चौकटीत उभा राहत होता. तो माझ्या डाव्या हाताला येताच मंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. आमच्या क्रुसेडरकडे ते कार्ड नाही, म्हणून उरलेले पॉइंटही यातच घालणार आहे.