‘लीज’ला मराठीत काय म्हणावं? (ऑफिसचं नेटवर्क)

प्रश्न : आमच्या छोट्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मोबाइल एकाच राउटरवर चालतात. नेट गेलं की काय बघायचं, याचा मराठी कागद भिंतीवर लावायचाय. ‘लीज’, ‘पूल’, ‘रिझर्व्हेशन’ यांना कोणते शब्द वापरू? कोशात लीजला ‘भाडेपट्टा’ दिलंय, पण ते वाचून कुणाला काही कळेल असं वाटत नाही.

उत्तर : भाडेपट्टा नकोच, इथे भाडं कुठे आहे? राउटर प्रत्येक मशीनला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) ठरावीक वेळेपुरता देतो, तीच लीज. तिला ‘पत्त्याची मुदत’ म्हणा आणि ‘रिन्यू’ला ‘मुदतवाढ’. बँकेत, कोर्टात रोजचे शब्द आहेत, शिपायालाही कळतील. कामकाजही तसंच चालतं. मुदत २४ तासांची असेल तर मशीन १२ तासांनी आपणहून मुदतवाढ मागतं. ज्यानं पत्ता दिला त्याच्याकडून उत्तर आलं नाही, तर २१ तासांनंतर नेटवर्कवरच्या कुठल्याही डीएचसीपी सर्व्हरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, विचारतं. म्हणूनच पत्ते वाटणारी सेवा बंद पडली तरी चालू मशीनवर बराच वेळ काही जाणवत नाही. अडतो तो नव्यानं जोडलेला लॅपटॉप, आणि सगळे त्या लॅपटॉपलाच दोष देत बसतात.

उत्तर : मला नामांपेक्षा क्रियापद महत्त्वाचं वाटतं. १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला की लोक सांगतात, ‘आयपी मिळालाय, पण नेट नाही.’ मिळालेला नसतो! मशीननं पत्ता मागितला, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक लावून घेतला. कागदावर ठळक लिहा : ‘१६९.२५४ म्हणजे पत्ता मिळालेला नाही.’ मग आधी केबल आणि नेटवर्क स्विचचा (केबली जोडायच्या डब्याचा) दिवा बघायचा. बाकीची जुनी मशीनं नीट चालत असतील तर पत्ते संपलेत का ते पाहायचं. पूलला ‘वाटपाचे पत्ते’ पुरे. १९२.१६८.१.१०० ते १४९ अशी रेंज ठेवली तर पत्ते फक्त ५०. येणाऱ्याजाणाऱ्याचा मोबाइल एकदा जोडला की तो गेल्यावरही मुदत संपेपर्यंत पत्ता अडकून राहतो. पाहुण्यांच्या वाय-फायला मुदत कमी ठेवा.

उत्तर : एक विनंती, ‘होस्ट’ला ‘यजमान’ करू नका. डीएचसीपीतला ‘होस्ट’ म्हणजे पत्ता घेणारं मशीन. यजमान म्हटलं की वाचणारा पत्ता देणारा समजणार, म्हणजे नेमका उलटा अर्थ. तिथे ‘मशीन’च लिहा. रिझर्व्हेशनला ‘राखीव पत्ता’ आहेच. प्रिंटरला हातानं पत्ता टाकला आणि तो वाटपाच्या रेंजमध्येच असला, तर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो आणि प्रिंटिंग मधूनच बंद पडतं. राउटरवर प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून पत्ता राखीव केला की हा घोळ मिटतो.

प्रश्नकर्ती : ‘मुदत’ आणि ‘राखीव’ लगेच घेतले. आणखी एक : आमच्याकडे अर्ध्या मशीनना १९२.१६८.०, तर अर्ध्यांना १९२.१६८.१ असे पत्ते येतायत. याला काय म्हणतात?

उत्तर : उपरा सर्व्हर! वाय-फायचा सिग्नल येत नाही म्हणून कुणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून लॅन पोर्टमध्ये लावला असणार. आता दोघंही पत्ते वाटतायत, आणि ज्याचा देकार आधी पोचतो त्याचाच पत्ता मशीन सहसा घेतं. बिघडलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) द्या आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ वाचा. तिथला पत्ता तुमच्या मुख्य राउटरचा नसेल तर उपरा सापडला. त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वाटपाबाहेरचा पत्ता द्या, म्हणजे वाय-फायसाठी तो वापरता येईल. मग प्रत्येक मशीनवर आधी ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ (ipconfig /release), मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (ipconfig /renew). कागदावर ‘पत्ता सोडा, नवा मागा’ एवढंच लिहा.