एचआयव्ही संशोधनासाठी सामायिक प्रयोगशाळा: गोव्याला ‘पुणे आहे ना’ हे उत्तर पुरते का?

बार्देशकर:
काल इथे कुणीतरी लिहिले, “एचआयव्ही संशोधनासाठी गोव्यात सामायिक प्रयोगशाळा कशाला? रुग्ण मूठभर. नमुने बर्फात घालून पुण्याला धाडा, पैसे औषधांना लावा.” वाचून डोके तापले, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याबद्दल मला आदरच आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ पासून या कामात आहे. एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोघांपैकी एकालाच लागण असलेली पुण्या-चेन्नईचीही जोडपी होती. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ साली त्यातूनच जगाला कळले. पण सगळेच नमुने रात्रीच्या बसने जाण्यासारखे नसतात. विषाणूभार, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, मोजायचा तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करून गोठवला की तो प्रवास सोसतो. प्रतिकारशक्तीचा अभ्यास करायचा तर जिवंत पेशी लागतात, आणि त्या रक्त काढल्यापासून सात-आठ तासांत वेगळ्या केलेल्या बऱ्या. नळीत फायकॉल नावाचा जड द्रव, त्यावर अलगद सोडलेले रक्त, मग नळी गरगर फिरवणारे सेंट्रिफ्यूज यंत्र. ते थांबताना ब्रेक लावायचा नाही, नाहीतर थर एकमेकांत मिसळतात. मध्ये या पेशींचे धुरकट पांढरे कडे दिसते, तेवढेच पिपेटने उचलायचे. मग मिनिटाला एक अंश या गतीने गोठवून शेवटी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचे. यंत्राचे टेंडर काढता येते, हे काम जमणारा माणूस टेंडरने मिळत नाही.

म्हणूनच सामायिक सेवा. अमेरिकेतली एड्स संशोधन केंद्रे १९८८ पासून अशीच चालतात. पेशींचे काम, विषाणूभार, संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला, सगळे एकदाच उभे करायचे आणि प्रत्येक संशोधकाला खुले ठेवायचे. आपल्याकडे बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय, ताळगावला विद्यापीठ, झुआरीनगरला बिट्स, दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था. एवढ्या जवळ एवढी माणसे असताना ज्याने त्याने आपापल्या खोलीत वेगळा डीप फ्रीझर का घ्यायचा?

फोंडेकर:
ती पोस्ट माझीच. आणि मी अजून त्याच मताचा आहे. बार्देशकरबाब, विषाणू औषधाला जुमानतो का हे पाहायला त्याचा जनुकक्रम वाचायचा तर नमुन्यांचा पूर्ण संच जमावा लागतो, तेव्हा कुठे खर्च परवडतो. गोव्यात औषधाला न जुमानणारा विषाणू असलेले किती रुग्ण एका वेळी जमणार? डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधाच्या गोळ्या आल्यापासून तर तेही कमी झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण इथे रसायनांची मुदत बाटलीतच संपेल, उद्घाटनाचा फोटो तेवढा राहील.

सत्तरीकर:
फोंडेकरबाब, सत्तरीत येऊन हे बोला. २०१५ पासून आम्ही जंगलातल्या गोचिडीमुळे होणारा माकडताप पाहतो आहोत. काजूच्या बागेत गेलेला माणूस तापाने फणफणायचा आणि नमुने मणिपालला जायचे. अहवाल येईपर्यंत घरात जी दशा व्हायची ती मी पाहिली आहे. ‘बाहेर पाठवा’ म्हणणे पणजी-फोंड्यात बसून सोपे आहे. प्रयोगशाळा एचआयव्हीची म्हणा नाहीतर आणखी कशाची, फ्रीझर, पेशींचे काम आणि शिकलेली माणसे यांचा उपयोग सगळ्यांनाच होतो. माझी शंका वेगळीच आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की रात्र रात्र येत नाही. उणे ऐंशीचा फ्रीझर कोण सांभाळणार?

बार्देशकर:
जनरेटर असतो हो, आणि तापमान वाढले की फोनवर इशारा येतो.

सत्तरीकर:
जनरेटरला डिझेल लागते, आणि फोन उचलायला माणूस. आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी इमारतीत जनरेटर आहे. तो चालू करणारा संध्याकाळी घरी जातो.

पेडण्याची वाचक:
वीज, यंत्रे, रसायने सगळे झाले, ज्याचे रक्त आहे त्याचे कोणी काही बोलले नाही. मी स्वतः अनेक वर्षे एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे. विषाणूभार दबलेला, तब्येत उत्तम. गोळ्या आणायला मी जवळचे केंद्र सोडून लांब जाते. कारण जवळच्या ठिकाणी नोंदणीला बसलेली मुलगी माझ्या नणंदेच्या वाड्यावरची. एकदा तिने रांगेतच मला ओळखून “अगो, तू हांगा कशी?” म्हटले. तिच्या मनात वाईट काही नसेल. पण त्यानंतर गणपतीला माहेरी जाईपर्यंत मला झोप नव्हती, तिथे कोणाला काय कळले असेल म्हणून.

तुमच्या सामायिक प्रयोगशाळेत चार संस्थांचे लोक येणार-जाणार. माझ्या नळीवर काय लिहिलेले असेल? पुण्यात मला कोणी ओळखत नाही. माझे रक्त पुण्यालाच गेलेले मला बरे.

फोंडेकर:
हेच तर मी सांगतो आहे.

पेडण्याची वाचक:
नाही, तुम्ही पैशाचे सांगत होता. माझे नाव तुमच्या बाजूला लावू नका.

निवृत्त लॅबवाला:
ताई, या कामात माझे आयुष्य गेले म्हणून बोलतो. पद्धत नीट असेल तर नळीवर नाव नसते, संकेतांक असतो. अंक आणि नाव जोडणारी वही समुपदेशकाकडे कुलपात, प्रयोगशाळेत तिची प्रत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संशोधन नाही, माहिती फोडता येत नाही.

पेडण्याची वाचक:
कायदा मी वाचला आहे, काका. सर्वेक्षणासाठी नाव न जोडता केलेल्या चाचणीला त्यात सूट आहे, तेही वाचले आहे. आणि गोव्यात कायद्यानेच काय केले होते ते विसरायचे का? १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केले, त्या रक्ताच्या तपासणीतून एचआयव्हीची लागण असल्याचे कळले आणि पोलिसांनी त्यांना उचलले. म्हापशाला जुन्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात ६४ दिवस ठेवले. तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती आणि उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. प्रयोगशाळेच्या एका कागदाने सुरू झाले ते सगळे.

बार्देशकर:
ते पस्तीस वर्षांपूर्वीचे. दर वेळी तेच काढले तर इथे काहीच उभे राहणार नाही.

पेडण्याची वाचक:
पस्तीस वर्षांपूर्वीचे तुमच्यासाठी. रांगेत मला ओळखले ते पस्तीस वर्षांपूर्वी नव्हते. तुम्हाला पेशी सात तासांत हव्यात, आणि माझी भीती मात्र जुनी झाली!

सत्तरीकर:
बार्देशकरबाब, हे बोलणे शोभले नाही. आधी त्यांचे ऐका.

निवृत्त लॅबवाला:
ताईंच्या प्रश्नाचे मूळ मला दिसते ते असे. ती नोंदणीची मुलगी बहुतेक कंत्राटी असणार. मीही निम्मी नोकरी कंत्राटावर काढली. दरवर्षी मार्च आला की मुदतवाढीची वाट पाहायची. माझ्या हाताखाली तीन तरुण पोरे तयार झाली, तिन्ही खासगी लॅबला गेली. गोपनीयतेचे प्रशिक्षण देऊन माणूस तयार करायचा आणि वर्षात घालवायचा, मग नवा येतो तो रांगेत ओळख काढतो. पेशी वेगळ्या करण्याचेही तसेच. महिनाभर हात बसतो, तोवर कंत्राट संपते. बार्देशकर म्हणतात ते माणसांचे खरे आहे, पण ती माणसे टिकवायचे त्यांनी कुठेच लिहिलेले नाही.

फोंडेकर:
कायम पदे मंजूर झाली तर माझा अर्धा विरोध संपतो, हे नाइलाजाने मान्य करतो. पण जनुकक्रमाचे यंत्र नकोच. ते नमुने गोठवून पुण्याला जाऊ देत. इथे पेशी वेगळ्या करणे, साठवणे आणि संख्याशास्त्रज्ञ, एवढेच ठेवा.

बार्देशकर:
त्याला माझी हरकत नाही. यंत्र हवेच असे मी म्हटले नव्हते, पण असो. ताई, संकेतांकाची वही कोणाकडे असावी असे तुम्हाला वाटते?

पेडण्याची वाचक:
समुपदेशकाकडे नको, तीही कंत्राटीच असते. आमच्यापैकी दोघे देखरेख समितीत घ्या, बघ्याच्या खुर्चीवर नव्हे, मताच्या अधिकारासह. वही उघडायची तर त्यांच्यापैकी एकाची सही लागेल. आणि रक्त द्यायला बांबोळीच्या रांगेत उभे करू नका, नमुना घेणारा माणूस आम्ही सांगू त्या ठिकाणी येऊ दे. तुमच्या सात तासांत ते बसते का ते तुम्ही बघा. बसत असेल तर संमतीचा कागद पाठवा, मी वाचीन. सहीचे त्यानंतर.