दगडावरचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे

दर्शनी दगडावर कोरलेलं साल हेच चर्चचं जन्मसाल, असं म्हणतात, ते मला पटत नाही. खेड्यातल्या मेथडिस्टांची (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातल्या लोकांची) मंडळी आधी जमायची, इमारत मागाहून यायची. दहा-बारा जण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात 'क्लास'ला, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या बैठकीला, बसायचे, पेनी-पेनी जमवायचे. घोड्यावरचा उपदेशक आपल्या फेरीत येऊन जायचा.

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं हेप्टनस्टॉल हे गाव घ्या. तिथलं मेथडिस्टांचं अष्टकोनी चॅपल (प्रार्थनागृह) १७६४ चं, पण त्या साली नुसत्या भिंती उभ्या असतानाच मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने आत प्रवचन केलं. म्हणजे ऐकणारे आधीपासून होतेच! १८०२ मध्ये ते वाढवलं, म्हणून आज अष्टकोन लांबट दिसतो. त्यामुळे दगडापेक्षा जुन्या क्लासच्या वह्या शोधा, खरी सुरुवात तिथे सापडते.