गर्भनिरोधक गोळ्या : नागपूरकरणींनो, तुमचं कसं जमतं?

दवाखान्यात "रोज एक घ्या" एवढंच सांगतात. पण शिफ्ट, माहेरपण, सणवार या सगळ्यांत ती रोज घ्यायची कशी, हे बायका एकमेकींनाच विचारतात. म्हणून हा धागा. नाव नको, एरिया चालेल. कोणती गोळी आपल्याला चालते ते मात्र बीपी, अर्धशिशी, सिगारेट सगळं सांगून डॉक्टरकडूनच ठरवून घ्या.

मानेवाडा
आमच्या आशाताई माला-एन फुकट आणून देतात. पाकिटात २८ गोळ्या : २१ संप्रेरकाच्या, शेवटच्या ७ नुसत्या लोहाच्या. माझी जाऊ लोहाच्या टाकून द्यायची, "त्यात काय आहे बाप्पा!" म्हणून. पण त्या घेतल्यानं रोजची सवय मोडत नाही नं. घोळ होतो तो नवं पाकीट उशिरा उघडलं की. गोळीमुळे अंडं बाहेर पडत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो. संप्रेरकाच्या गोळ्यांची सुट्टी सात दिवसांच्या पुढे गेली की बीजांडकोश जागा होऊ लागतो. आशाताईंनी जावेला पाकिटावरच्या एकेका गोळीवर बोट ठेवून समजावलं.

हिंगणा एमआयडीसी
माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रात्री साडेनऊ हीच वेळ अशी सापडली, की तिन्ही शिफ्टला मी जागी असते. मोबाइलला अलार्म, पाकीट पर्समध्ये. एक राहिली तर आठवताच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढच्या चालू ठेवून सात दिवस निरोध. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर लोहाच्या सोडून सरळ नवं पाकीट. अन् घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक.

कामठी
बाळ अंगावर पिऊन राहिलं होतं, म्हणून मला छाया दिली. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरक नसलेली गोळी. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू, तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. माझे वार रविवार-बुधवार. सुरुवातीला पाळी भल्ली लांबली. सिस्टर म्हणाली, छायानं होतं असं, पण पंधरा दिवसांच्या वर गेली तर तपासून घे.

वर्धा रोड
मे महिन्यात गोळ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. ४५ अंशांत तिथे लिपस्टिक वितळते!

धरमपेठ
महालक्ष्म्या आल्या की घरोघरी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या निघतात. त्या नॉरेथिस्टेरॉनच्या, गर्भ राहू नये म्हणून त्यांच्या भरवशावर बसू नका. माझ्या नणंदेला वाटायचं, गोळी ती गोळी. माला-एनसारख्या आधीच चालू असतील तर वेगळं काही लागतच नाही, लोहाच्या सोडून पुढचं पाकीट लावलं की पाळी लांबते. डॉक्टरबाईंना विचारून मी तेच करते. विटाळाबद्दल माझं मत वेगळं आहे, पण त्याला दुसरा धागा लागेल.

इतवारी
टीबीची औषधं सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळ्या घेता का? त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत संप्रेरकं भराभर मोडून टाकतं, गोळी असून नसल्यासारखी. फिटच्या काही औषधांचंही तसंच. विचारलं नाही तरी आपण सांगायचं. मी तांबी बसवली. औषधं संपल्यावरही महिनाभर परिणाम राहतो, म्हणून लगेच काढली नाही. आता तर काढायचं मनच नाही.