मॉर्फिन लिहायला शिकवणं म्हणजे नशेला परवानगी? (एका पोस्टला उत्तर)

खारघरची लेक
काल आपल्या ठाणे-नवी मुंबई गटात एका गृहस्थांनी लिहिलं की डॉक्टरांना मॉर्फिनसारखी अफूजन्य वेदनाशामकं लिहिण्याचं प्रशिक्षण द्यायचं म्हणजे नशेला सरकारी शिक्का मारायचा, या औषधांच्या व्यसनानं अमेरिकेचं काय झालं ते बघा, इथे हे थेर नकोत. खाली अंगठ्यांचा पाऊस. मला ते वाचून गप्प बसवेना.

माझ्या बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. घराजवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "मॉर्फिन आम्ही नाही लिहीत, नसती लफडी असतात." ट्रॅमाडॉल हे त्याहून सौम्य औषध देत राहिले. बाबा ओकत राहिले आणि उशी दातात धरून रात्र काढत राहिले. शेवटी परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशमनाच्या, ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पोट साफ होतं का विचारलं, मॉर्फिनबरोबर त्याच दिवशी रेचक सुरू केलं. गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता द्यायची, हे मला समजावलं. कपाटाला कुलूप लावा, उरलेल्या गोळ्या परत आणा, हेही सांगितलं. बाबा त्या आठवड्यात खुर्चीत बसून वरणभात जेवले. याला प्रशिक्षण म्हणतात.

आणि अमेरिकेचं म्हणाल, तर तिथे १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक आलं, तेव्हा डॉक्टरांना शिकवलं कोणी? कंपनीच्या प्रतिनिधींनी! व्यसनाचा धोका नगण्य आहे म्हणून. २००७ मध्ये ते विकणाऱ्या पर्ड्यूच्या कंपनीनं दिशाभूल केल्याचं कोर्टात कबूल केलं. तिथे अशी औषधं लिहिणाऱ्या डॉक्टरांना २०२३ पासून आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. औषध बंद नाही केलं त्यांनी.

कोपरीकर
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. ती पोस्ट माझीच. आणि मी एक शब्द मागे घेणार नाही.

माझ्या धाकट्या भावाचं गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. टॅपेन्टाडॉल दिलं, तेही याच जातीचं वेदनाशामक. किती दिवस घ्यायचं, कधी थांबवायचं, चिठ्ठीवर काही नाही. तो त्याच चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन दुकानं फिरला. नोकरी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. आज तो व्यसनमुक्ती केंद्रात आहे. तुमच्याकडे औषध मिळालं नाही म्हणून माणूस तळमळला, आमच्याकडे मिळालं म्हणून माणूस गेला. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सव्वादोन कोटींच्या वर लोक अफूजन्य पदार्थ घेणारे निघाले, ते काय हवेतून आले? टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) यांच्या गोळ्या आपल्या शेजारच्या पालघरातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या, २०२५ मध्ये केंद्राला ती निर्यात बंद करावी लागली.

आणि प्रशिक्षण म्हणजे काय हो? रविवारी हॉटेलात व्याख्यान, वर जेवण, डॉक्टरांच्या नोंदणीला लागणारे क्रेडिट पॉइंट खिशात. त्यानं माझा भाऊ वाचला असता?

भूलतज्ज्ञ, नौपाडा
कोपरीकर, वाचला असता. तुमच्या भावाच्या सर्जननं जे केलं नाही, तेच तर शिकवायचं असतं. सुरू करण्याआधी दारूचं, आधीच्या व्यसनाचं, घरातल्या इतिहासाचं विचारा. चिठ्ठीवर दिवस लिहा. झोपेच्या गोळ्यांबरोबर देऊ नका. फार दिवस झाले असतील तर एकदम तोडू नका, उतरवत आणा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आणि श्वास मंदावला तर नॅलोक्सोन, हा त्यावरचा उतारा. आम्हाला एमबीबीएसला मॉर्फिन शिकवलं ते परीक्षेपुरतं. थांबवायचं कसं हे मला वॉर्डात कुणी शिकवलं नाही, पुढे स्वतः धडपडून शिकलो.

२०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला. त्याआधी मॉर्फिन ठेवायला चार-पाच परवाने लागायचे आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याचा पत्ता नसायचा. आता मान्यताप्राप्त संस्थेला एकाच यंत्रणेकडे, म्हणजे राज्याच्या औषध नियंत्रकाकडे जावं लागतं, आणि वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर असणं बंधनकारक आहे. दार उघडं आहे, पण प्रशिक्षित माणूस नाही म्हणून हॉस्पिटलं अर्जच करत नाहीत. मॉर्फिनला घाबरणारा डॉक्टर आणि टॅपेन्टाडॉल बेधडक लिहिणारा डॉक्टर बहुतेक वेळा एकच असतो.

औषधवाला, कळवा
सगळे डॉक्टर डॉक्टर करताय, निस्तरतो कोण? मी. २०१४ पासून एच-वनचं, म्हणजे जास्त नियंत्रण असलेल्या औषधांचं, रजिस्टर वेगळं ठेवतो, २०१८ ला ट्रॅमाडॉल एनडीपीएसमध्ये गेलं तेव्हापासून तर डोक्याला ताप. इन्स्पेक्टर आला की पहिला माझ्या काउंटरवर. आणि चिठ्ठ्या कोणाच्या येतात? बीएचएमएसच्या, म्हणजे होमिओपॅथांच्या! सीसीएमपी हा एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केला की हे ॲलोपथी लिहिणार. आधी त्यांना आवरा, मग मॉर्फिनचं प्रशिक्षण काढा.

होमिओपॅथ, डोंबिवली
आलं घोडं शेवटी आमच्यावरच! रात्री दोन वाजता दिवा-मुंब्र्यात पेशंट दारात उभा राहतो तेव्हा किती एमबीबीएस उघडे असतात? सीसीएमपी आम्ही चोरून नाही केला, आरोग्य विद्यापीठाचा कोर्स आहे. पुन्हा विचारतो, कोपरीकरांच्या भावाला टॅपेन्टाडॉल कोणी लिहिलं? ऑर्थोपेडिक सर्जननं! आणि चिठ्ठीच्या झेरॉक्सवर विकलं कोणी? केमिस्टनं!

भूलतज्ज्ञ, नौपाडा
डॉक्टर, रात्री दोनचा मुद्दा मान्य. पण एका वर्षात औषधशास्त्र शिकून श्वास बंद पाडू शकणारी औषधं लिहावीत, हे मला मान्य नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आयएमएनं, म्हणजे ॲलोपथी डॉक्टरांच्या संघटनेनं, संप केला तो यावरच.

होमिओपॅथ, डोंबिवली
साडेपाच वर्षं शिकून तुम्हाला थांबवायचं कसं हे शिकवलं नाही, हे वर तुम्हीच लिहिलंय साहेब. मग वर्षांचा हिशेब आम्हालाच का? तेच प्रशिक्षण आम्हालाही द्या. परीक्षा कडक घ्या. नापास झालो तर लिहू देऊ नका.

औषधवाला, कळवा
झेरॉक्सवर विकणारे दुकानदार आहेत, नाही म्हणत नाही. पण सगळ्यांना त्यांच्यात ओढू नका. मी झेरॉक्स परत करतो म्हणून गिऱ्हाईक शिव्या देऊन जातं.

कोपरीकर
इथे माझ्या भावाच्या जिवावर कुणाची पदवी मोठी हे ठरतंय. शरम वाटू द्या जरा.

खारघरची लेक
कोपरीकरदादा, तुमचा राग मला कळतो. पण बंदी आली तर तुमचा भाऊ ज्या गोळ्यांवर गेला त्या पानटपरीमागे मिळतच राहतील. मिळणार नाही ती माझ्या बाबांची गोळी. ती मागायला कॅन्सरचा पेशंट टपरीवर जात नाही, घरात तळमळत मरतो. अफू सरकारच्या परवान्यानं आपल्याच देशात पिकते, मध्य प्रदेशात, राजस्थानात. आणि इथला माणूस मॉर्फिनसाठी लोकलनं परळ गाठतो, तेही उभं राहण्याची ताकद असेल तर.

कोपरीकर
कॅन्सरचं मी समजू शकतो, तेवढं सोडतो. गुडघ्याला, कंबरेला नको. आणि प्रशिक्षण द्यायचंच तर हॉटेलात नको, कंपनीच्या पैशानं तर नकोच. व्यसनमुक्ती केंद्रात आणून बसवा एक दिवस त्यांना, माझ्या भावासमोर.

भूलतज्ज्ञ, नौपाडा
ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस लागतं हो, सगळ्यांना पॅरासिटामॉलवर नाही काढता येत. पण कंपनीचा पैसा नको, हे शंभर टक्के. केंद्रातला दिवसही अभ्यासक्रमात घालावा.

औषधवाला, कळवा
मग माझंही लिहून घ्या. चिठ्ठीवर दिवस, गोळ्यांची संख्या आकड्यात आणि अक्षरात, डॉक्टरचा चालू फोन नंबर. फोन केला तर उचलायचा. एवढं करा, झेरॉक्सचा धंदा मी माझ्या गल्लीत तरी होऊ देत नाही. सीसीएमपीचं मत मात्र तेच.