अनुभव धागा: प्रेमात विश्वासघात झाल्यावर पुन्हा कसे उभे राहिलात?

फसवणूक झाली की समोरच्याचा राग येतोच, पण त्याहून जास्त स्वतःच्या पारखीवरचा भरवसा उडतो. "मला माणसं कळतच नाहीत," असं मैत्रीण म्हणाली तेव्हा हा धागा काढायचं ठरवलं. काय झालं, कशानं सावरलात, मोकळेपणानं लिहा. "विसरून जा" एवढाच सल्ला मात्र कृपया नको.

पुण्याहून
आमचं आंतरजातीय, घरून विरोध. म्हणून १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. ती ३० दिवस कार्यालयाच्या फलकावर असते, तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर बाद होते. त्याच मुदतीत त्यानं दुसरीकडे साखरपुडा उरकला. मला कळलं ते त्याच्या चुलतबहिणीच्या स्टेटसवरून. अंगात मी पसंत केलेला मोरपंखी कुर्ता! रडू नंतर आलं. आधी फोटो मोठा करून कुर्त्याची बटणंच बघत बसले.

पुढे कुणी "दहा मिनिटांत येतो" म्हटलं तरी खोटं वाटायचं. आईनं एकदाही "मी सांगत होते" म्हणून दाखवलं नाही. रात्री माझ्या खोलीत अंथरूण घालायची, एवढंच. शेवटी टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन केला. मराठीत बोलता आलं, पैसे लागत नाहीत. त्या ताईंनी विचारलं, "अजून कुणाकुणावर विश्वास आहे?" आई, शेजारच्या काकू, डबेवाल्या मावशी... नावं सुचतच गेली.

नागपूरहून
"पोरीसारखा काय रडतो बे," हेच ऐकलं सगळ्यांकडून. बाबांनी काही विचारलं नाही, संत्र्याच्या बागेत घेऊन गेले. आंबिया बहराचे दिवस, झाडांना पाणी चुकवून चालत नाही. सकाळी उठावंच लागायचं. पुरुषांनीही लिहा रे इथे.

कोल्हापूरहून
नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं. परस्पर संमतीनं घटस्फोट घेतला. त्यातली सहा महिने थांबायची अट न्यायालय शिथिल करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा तसा निकाल आहे. मी तसा अर्ज केला नाही, मला तो वेळ हवा होता. आता एकांशी ओळख वाढतेय. त्यांना आधीच सांगितलं, फोन तपासणार नाही, पण प्रश्न विचारीन, तेव्हा चिडायचं नाही. अजून तरी चिडलेले नाहीत.

नाव नको
मला अजून कुणावरच विश्वास टाकता येत नाही. वरचे सगळे सावरलेत हे वाचून दडपणच आलं. पण १४४१६ लिहून घेतलाय. रात्री उशिरा उचलतात का?

पुण्याहून
हो, चोवीस तास सुरू असतो. केव्हाही करा.