विषय: ठाण्यात उबे मिळेल का? (कोनफळाचे वॉफल)

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

मी सध्या सासरी, घोडबंदर रोडला आहे. संक्रांत करूनच कॅलिफोर्नियात, बे एरियात परतेन. लेकीला डेली सिटीतल्या फिलिपिनो बेकऱ्यांची चटक लागली आहे आणि इथे आल्यापासून एकच धोशा चाललाय: उबे नावाच्या कंदाचे जांभळे वॉफल. ऑनलाइन उबे एसेन्सच्या बाटल्या दिसतात, पण घटक वाचले तर नुसता रंग आणि कृत्रिम वास. खरं उबे ठाण्यात कुठे मिळेल? आणि नवऱ्याचा मित्र पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्याबरोबर आमचं तिकडचं वॉफल मशीन मागवू का?

अनघा

प्रेषक: मेधाकाकू

अगं, बाटली कसली शोधतेस! फिलिपिनो लोक ज्याला उबे म्हणतात ते आपलं जांभळं कोनफळ. सरळ जांभळी नाक्याच्या मंडईत जा. उंधियूचे दिवस आहेत, संक्रांतीपर्यंत कोनफळाला तोटा नाही. गुजराती भाजीवाला त्याला रताळू म्हणेल, म्हणून रताळी उचलून आणू नकोस. कोनफळ बाहेरून जळाऊ लाकडाच्या ओंडक्यासारखं दिसतं, खरखरीत आणि मातकट. पांढऱ्या गराचंही असतं, तेव्हा कापून दाखवायला सांग. बहुतेक जण कापलेला तुकडा वर ठेवतातच. आत गडद जांभळं आणि घट्ट हवं. मऊ पडलेलं, बुळबुळीत झालेलं नको.

आता खरी गंमत शिजवण्यात आहे. कच्चं सोलायला गेलीस तर हाताला खाज सुटते. तुकडे करून पाण्यात उकडलंस तर निम्मा रंग पाण्यात जातो. म्हणून स्वच्छ घासून, सालासकट मोठे तुकडे करून कुकरच्या डब्यात पाणी न घालता वाफव. सुरी सहज गेली पाहिजे. मग साल आपोआप सुटते. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढ. मिक्सरला लावू नकोस, चिकट गोळा होतो आणि वॉफल रबरासारखे होतात.

एक वाटी हा गर, पाऊण वाटी मैदा, पाव वाटी तांदळाची पिठी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात एक अंडं, तीन मोठे चमचे पातळ केलेलं तूप आणि वाटीभर नारळाचं दूध. दूध एकदम ओतू नकोस, कोनफळ कोनफळावर अवलंबून आहे. इडलीच्या पिठापेक्षा जरा दाट राहिलं की थांब. पिठीमुळे कड कुरकुरीत होते. गूळ घालायचा मोह होईल, पण रंग मळकट होतो. कोनफळाची स्वतःची चव सौम्य असते, थोडी सुक्यामेव्यासारखी, थोडी मातीची. तिला नारळ शोभतो. वेलदोडा घातलास तर मात्र नुसता वेलदोडाच लागेल. आमच्याकडे यावर मतभेद आहेत, पण मी घालत नाही.

मशीन चांगलं तापू दे आणि वाफ यायची थांबेपर्यंत झाकण उघडू नकोस. आधी उघडलंस तर वॉफल मधोमध फाटतो. काढल्यावर जाळीवर ठेव. ताटात एकावर एक रचले की घामेजतात.

मेधाकाकू (नौपाडा)

प्रेषक: निखिल

काकूंच्या पाककृतीत बोलायची माझी प्राज्ञा नाही, दोनच गोष्टी.

अनघा, मशीन अजिबात मागवू नकोस. तिकडचं १२० व्होल्टचं, इथे २३०. पिनेचा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. तापणाऱ्या उपकरणाची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे हजार वॉटचं मशीन इथे साडेतीन हजाराच्या वर ओढायला बघेल आणि जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तोही हजार वॉटच्या वरचा हवा, आणि तो मशीनपेक्षा जड. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, म्हणून आपल्याला हे विसरायला होतं.

दुसरं, बऱ्याच वॉफलमध्ये खायचा सोडा असतो, तो इथे नको. कोनफळाचा रंग अँथोसायनिनचा, जास्वंदीत असतो त्याच कुळातला. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा दर्शक केला होता ना? आम्लात लालसर, अल्कलीत निळा-हिरवा. सोडा जास्त झाला की पीठ राखाडी-निळं पडतं. काकूंच्या मिश्रणात चमचाभर लिंबाचा रस टाकलास तर जांभळा रंग टिकेल. वरून तपकिरी छटा येणारच, ती भाजण्याची आहे. आच मध्यम ठेव.

निखिल (ऐरोली)

प्रेषक: सुनीलकाका

मैदा, साखर, अंडं! कोनफळ हा उपासाचा जिन्नस आहे हो. वाटीभर गरात वाटीभर उपासाची भाजणी, दही, हिरवी मिरची, जिरं, दाण्याचं कूट आणि सैंधव घालून त्याच मशीनमध्ये लावा. कोनफळाच्या चिकटपणामुळे तुटत नाही, आणि खाचांमध्ये लोणी छान बसतं. महाशिवरात्रीला आमच्याकडे हेच. तिकडच्या, बे एरियातल्या फ्रीमाँटकरांनी ताज्याच्या मागे लागू नये, गुजराती दुकानाच्या फ्रीझरमध्ये 'रतालू'चे गोठवलेले तुकडे मिळतात. पाणी नीट निथळू द्या एवढंच.

सुनील

प्रेषक: अनघा

काकू, जमलं! कोनफळ आणलं, रंग सुरेख आला. सासूबाईंनी पहिला वॉफल संशयाने घेतला आणि दुसरा न विचारता. लेक म्हणते बेकरीसारखे गडद नाहीत. निखिलदादा, मशीन मागवलं नाही, शेजाऱ्यांचं उसनं आणलं. आता प्रश्न असा, की दोन किलोचं कोनफळ आहे आणि आम्ही जेमतेम अर्धं संपवलं. तिकडच्या मंडळाच्या संक्रांतीच्या पॉटलकला (प्रत्येकाने पदार्थ आणायच्या जेवणाला) घेऊन जाता येईल का?

प्रेषक: मेधाकाकू

बेकरीचा गडदपणा बऱ्याचदा बाटलीतला असतो, तिला सांग. आणि कंद बॅगेत घालून नेऊ नकोस. शेतातलं काहीही तिथल्या कस्टम्सला दाखवावंच लागतं, आणि ताजा कंद बहुधा तिथेच राहील. पॉटलकसाठी सुनील म्हणतोय ते गोठवलेले तुकडे घे. इथलं उरलेलं आजच वाफव, गर पिशव्यांत चपटा पसरून फ्रीझरला टाक. सासूबाईंना होळीपर्यंत पुरेल. न कापलेला भाग असेल तर मात्र फ्रिजमध्ये नको, टोपलीत हवेशीर ठेव.

लिंबाचं मीही करून पाहिलं. अर्धा चमचा पुरतो, चमचाभर घातला तर जिभेला कळतो.

मेधाकाकू